शहापुरातलं फॉल-पिकोचं दुकान आणि सहा पट्ट्यांचा झेंडा

आधी कामाचं सांगतो. शहापुरात नाथ पै सर्कलपासून जरा आत गल्लीत एक फॉल-पिकोचं दुकान आहे, ब्लाऊज, शाळेचे युनिफॉर्म, मंडळांचे झेंडे-पताका असलं सगळं शिवून देतात. नाव मुद्दाम टाकत नाहीये, दुकानाचे काकाच म्हणाले "काम चांगलं झालं एवढं लिही, नाव नको", आणि बेळगावात झेंडा म्हटलं की काय काय होतं ते आपल्याला नवीन नाही, लाल-पिवळा, भगवा, १ नोव्हेंबर, काळा दिन, त्यामुळं मी पण हट्ट धरला नाही. कुणाला खरंच शिवून घ्यायचं असेल तर मेसेज करा, पत्ता सांगतो.

माझ्याकडनं पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कशाला कापला ते खाली येईल.

आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणीची काही पोरं-पोरी मिळून बेंगळुरूच्या नम्म प्राईडला, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांच्या दरवर्षीच्या मोर्चाला जाणार होतो. तिथं शेकडो झेंडे असतात पण बहुतेक सगळे ऑनलाईन मागवलेले. मी पण आधी एक तसाच मागवलेला, कुठून ते लिहीत नाही, पातळ पॉलिस्टर, एका पावसात लाल रंग पांढऱ्या शर्टवर उतरला आणि वर त्याला सात पट्ट्या. शाळेत तानापिहिनिपाजा शिकलो म्हणून कुणीतरी सात छापल्या असणार. प्राईडच्या झेंड्याला सहा असतात, वर लाल, मग नारंगी, पिवळा, हिरवा, निळा, सगळ्यात खाली जांभळा.

हे मी काकांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "सहाच का?" म्हणजे कापड मोजायला विचारत होते, पण प्रश्न अगदी बरोबर जागी होता. कारण ह्या झेंड्याची सगळी गोष्ट कापडाचीच आहे. गिल्बर्ट बेकर नावाच्या माणसानं सोबत्यांना घेऊन पहिला झेंडा केला, तो २५ जून १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोत फडकला, आणि त्याला आठ पट्ट्या होत्या, वर गडद गुलाबी आणि मध्ये एक फिरोजी. कापड हातानं रंगवलेलं, शिलाई पण त्यांचीच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथले उघडपणे गे असलेले नगरसेवक हार्वे मिल्क ह्यांची हत्या झाली आणि झेंड्याची मागणी एकदम वाढली, मोठ्या प्रमाणात शिवायचं म्हटलं तर त्या गुलाबी रंगाचं कापडच मिळेना, म्हणून ती पट्टी गेली. मग १९७९ च्या मोर्चात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रंग सारखे वाटून लावायचे होते, सातचे दोन भाग होत नाहीत म्हणून फिरोजी पण काढली आणि सहा राहिल्या. काका मशीनवरनं मान वर करून म्हणाले, "म्हंजे मॅचिंग मिळालं नाही म्हणून. आमचं रोजचंच हाय की गा हे." मला हे इतकं आवडलं.

कापडाबद्दल त्यांचा सल्ला सोन्यासारखा. मी सॅटिन म्हणत होतो, चकाकतं म्हणून. ते म्हणाले सॅटिन मशीनखाली सरकतं, लांब पट्टीला चुण्या पडतात आणि वाऱ्यात कडेचे धागे सुटतात, त्यापेक्षा ब्लाऊजचं टू बाय टू घे, त्यात पाहिजे ती शेड मिळते आणि भिजलं तरी लवकर वाळतं. पाच रंग गणपत गल्लीतल्या मॅचिंग सेंटरात मिळाले, जांभळ्यासाठी मात्र खडेबाजार पालथा घातला, कारण सगळे वांगी रंग दाखवत होते. मग काकांनी प्रत्येक कापडाचा एक कोपरा मीठ घातलेल्या पाण्यात बुडवून पांढऱ्या चिंधीवर घट्ट दाबला, लालनं जरा रंग सोडला तर तो आख्खा तुकडा रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून दिला. हे कुणी सांगितलं नव्हतं हं त्यांना. मंडळाचे झेंडे पावसात भिजतात ते बघून स्वतःच शिकलेले.

झेंडा सहा फूट लांब, चार फूट रुंद. पट्टी शिवून आठ इंच यायला पाहिजे म्हणून नऊ इंच कापली, अर्धा-अर्धा इंच दोन्हीकडं आत दुमडायला, आणि कडा आत घेऊन वरनं दुसरी टीप, त्यामुळं मागच्या बाजूनं पण झेंडा तेवढाच स्वच्छ दिसतो. हे महत्त्वाचं आहे, मोर्चात निम्मे लोक तुमच्या मागनं चालत असतात. कापडाच्या पन्ह्यात चार पट्ट्या बसतात आणि आपल्याला एकच लागणार, तर उरलेलं वाया घालवायच्या ऐवजी त्याच्या तिकोनी पताका करून दिल्या, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

दुसरा झेंडा आमच्या खानापूरच्या मैत्रिणीसाठी, ट्रान्स झेंडा, फिकट निळा, गुलाबी, मध्ये पांढरा, परत गुलाबी, परत निळा. मोनिका हेल्म्स ह्या ट्रान्स बाईनं तो १९९९ ला तयार केला. शिवून झाल्यावर काकांनी तो खाली-वर फिरवून बघितला आणि म्हणाले, "हा उलटा लागतच नाही की." त्या बाईनं नेमकं हेच डोक्यात ठेवून केलेला तो, कसाही धरा, सरळच. मैत्रीण तिथंच स्टुलावर बसलेली, ती काही बोलली नाही, पण झेंडा घडी न घालता खांद्यावरच टाकून बसली.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, सांगायचं कसं. पहिल्या दिवशी काकांनी साहजिकच विचारलं कुठल्या मंडळाचं आहे. मी फोनवर बेंगळुरूच्या मोर्चाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी शांतपणे बघितला आणि म्हणाले, "आमच्या घरात यल्लम्माची परडी हाय, सौंदत्तीला दरवर्षी जातोय, जोगते लहानपणापासनं बघितल्यात." मग त्यांनीच मंजम्मा जोगतींचा, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्या ट्रान्स लोककलावंत बाईंचा विषय काढला. मंजम्मांना पद्मश्री मिळाली तेव्हा २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती भवनात त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली, तो व्हिडिओ त्यांनी घरात सगळ्यांना दाखवलेला. त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या हे पण त्यांना माहिती. मी त्यांना म्हटलं काका, जोगप्पा (यल्लम्माला वाहिलेले, बाईसारखे राहणारे) वेगळे, मी गे आहे ते वेगळं, आणि डोंगरावर पाया पडणारी माणसं खाली गावात त्यांनाच भाड्यानं खोली देत नाहीत ते पण खरं आहे. ते म्हणाले, "ते पण बघितलंय." बस, त्यानंतर ह्या विषयावर मला समजावून सांगावं लागलं नाही. बेळगावात एखाद्या दुकानात उभं राहून "गे" हा शब्द मोठ्यानं म्हणायचा आणि समोरच्यानं टेप घेऊन माप काढायला लागायचं, ह्याची किंमत ज्याला कळायची त्याला कळेल.

ट्रायलला गेलं की गप्पा व्हायच्या. त्यांनी विचारलं आपल्या देशात असली पहिली मिरवणूक कुणी काढली. कोलकात्यात, २ जुलै १९९९, नाव फ्रेंडशिप वॉक, आणि माणसं किती तर पंधरा. "पंधराच?" हो, पंधराच, आणि ती पण सगळी कोलकात्याची नव्हेत, मुंबई-बेंगळुरूकडनं गेलेले पण त्यात होते, अंगात पिवळे टी-शर्ट. मोठा मोर्चा नव्हता, दोन गट करून वेगवेगळ्या संस्थांच्या ऑफिसात गेले आणि आम्ही आहोत एवढं सांगून आले. त्यानंतर मध्ये काही वर्षं काहीच नाही, २००३ ला परत कोलकात्यातच सुरू झालं. मी ह्या पंधरांचा फार विचार करतो. तेव्हा ३७७ कलम होतं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, इंग्रजांनी १८६० ला घातलेलं, पोलिसांनी नुसतं धमकावलं तरी नोकरी, घर सगळं जाईल अशी वेळ. आपल्याकडं शिवजयंतीला चित्ररथ रात्रभर चालतात, हजारो माणसं रस्त्यावर असतात, चालायला धाडस लागत नाही. पंधरा जणांनी दिवसाढवळ्या चालायला काय लागतं ते त्या पंधरांनाच माहिती.

मग २९ जून २००८ ला दिल्ली, बेंगळुरू आणि कोलकाता, तिन्हीकडं एकाच दिवशी. दिल्लीत ज्यांना चेहरा दाखवायचा नव्हता त्यांच्यासाठी मुखवटे ठेवलेले. त्याच वर्षी १६ ऑगस्टला मुंबईत क्वीअर आझादी नावाचा मोर्चा, ऑगस्ट क्रांती मैदानावरनं गिरगाव चौपाटीपर्यंत, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, आणि मागणी काय तर ज्या ब्रिटिशांनी हा कायदा लादला त्यांनी माफी मागावी. इंग्लंडनं स्वतःचा कायदा १९६७ लाच बदललेला, आपण धरून बसलेलो. पुण्यात २०११ ला बिंदुमाधव खिरे ह्यांच्या समपथिक ट्रस्टनं पहिली प्राईड काढली, आमच्यासारख्या मराठी पोरांना ती जवळची वाटली कारण घोषणा आपल्या भाषेत होत्या.

कोर्टाचं पण सांगतो कारण काकांनी ते सगळ्यात बारकाईनं ऐकलं. दिल्ली हायकोर्टानं नाझ फाउंडेशन ह्या संस्थेच्या केसमध्ये प्रौढांचे राजीखुशीचे संबंध ३७७ मधनं बाहेर काढले तो निकाल दिला २ जुलै २००९ ला, म्हणजे त्या पंधरा जणांच्या चालण्याला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी. मग ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. चारच दिवसांनी, १५ डिसेंबरला, देशात ठिकठिकाणी लोक रस्त्यावर आले, घोषणा होती "नो गोइंग बॅक". मी तेव्हा कॉलेजला होतो आणि टीव्ही लावायचा नाही असं घरात स्वतःलाच बजावलेलं, कुणी काही बोललं तर चेहरा लपवता येणार नाही म्हणून. पुढं २०१४ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नालसा निकालानं ट्रान्स लोकांची ओळख मान्य केली, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज जोहर केसमध्ये आपसात राजी असलेल्या प्रौढांचा गुन्हा कायमचा गेला. समलिंगी लग्नाचं मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टानं संसदेवर सोडलं. "म्हंजे अजून शिवायचं राहिलंय," काका म्हणाले, आणि परत मशीन सुरू.

आता तक्रारी. एक, उशीर. ऑर्डर दिवाळीच्या आधी दिली आणि दिवाळीत ब्लाऊजचा ढीग, त्यामुळं "उद्या ये" बरेचदा ऐकलं, गाडी सुटायच्या आदल्या संध्याकाळी माल हातात आला, जीव टांगणीला लागलेला. दोन, काठीसाठीचा नेफा अरुंद झाला, आमचा पाइप आत जाईना, उसवून परत करून दिला, पैसे घेतले नाहीत पण आधीच काठी मागून मापली असती तर ही धावपळ झाली नसती. अर्धा मार्क ह्या दोन्हींचा.

बॅनरचं कापड त्यांनी शिवलं, अक्षरं मात्र बाहेरच्या पेंटरकडनं. वर कन्नड "नावू इल्लियवरे", खाली मराठी "आम्ही इथलेच". वर कुठली भाषा ह्यावर आमच्यात चांगलीच वादावादी झाली, बेळगावची माणसं आम्ही, ते होणारच. शेवटी बेंगळुरूत चालणार म्हणून कन्नड वर घेतलं आणि दोन्ही अक्षरं एकाच उंचीची ठेवली, पेंटरनं पट्टी लावून आखून घेतली. निपाणीचा मित्र आधी रुसलेला, पण पूर्ण मोर्चाभर बॅनरचं एक टोक त्यानंच धरलं.

खर्च सांगतो, लोक विचारतात म्हणून. सहा पट्ट्यांच्या झेंड्याला कापडाचे साधारण हजार आणि शिलाई चारशे, ट्रान्स झेंडा लहान घेतला तो सगळा मिळून सातशेच्या आत. ऑनलाईन दोन-तीनशेत मिळतो, मान्य, पण तो एका सीझनचा. ह्यानं राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बर्थखाली कोंबून घेतलेला प्रवास, बेंगळुरूचा वारा, पाच-सहा तास हवेत फडकणं, सगळं सहन केलं, एक टीप सुटली नाही, रंग उतरला नाही. मोर्चात दोन-तीन जणांनी कापड हातात घेऊन विचारलं कुठं मिळाला, बेळगाव म्हटल्यावर एका मुलीनं लगेच विचारलं, "बेळगावात कुठं?" ती टिळकवाडीची निघाली, कितीतरी वर्षं बेंगळुरूत राहते, आईला अजून सांगितलेलं नाही. तिला पताकांची माळ देऊन टाकली आणि नंबर घेतला.

जाणार असाल तर एवढं करा. गणपती आणि दिवाळीच्या आधीचा महिना सोडून जा, जून-जुलै एकदम मोकळा असतो, शाळेचे युनिफॉर्म संपलेले असतात. काठी सोबत घेऊन जा. शेडचा फोटो न देता कापडाचा तुकडा द्या, फोनवर जांभळा निळा दिसतो. पैसे फोनवरनं चालतात, बिल वहीच्या कागदावर मिळतं. आणि सकाळी दहाच्या आधी जाऊ नका, काकांची पूजा चालू असते.