एसयूव्हीला फेंडर फ्लेअर बसवले: माल चांगला, पण मागच्या दाराने घाम काढला

रुंद टायर टाकले की ते बॉडीच्या बाहेर डोकावतात आणि सगळा चिखल, खडी दारांवर उडते, म्हणून हे आफ्टरमार्केट फ्लेअर, म्हणजे चाकाच्या कमानीवर बाहेरून बसवायच्या रुंद प्लास्टिकच्या कडा, मागवले, पॉकेट स्टाईल, ते मोठाले बोल्ट दिसतात ना तसले. ते बोल्ट बहुतेक शोभेचेच असतात बरं का, फ्लेअर धरून ठेवतात ते आतले स्क्रू आणि क्लिपा.

माल खरंच चांगलाय. एबीएस प्लास्टिक, जाड, वाकवलं तर वाकतं पण तडकत नाही, वरून खरखरीत मॅट काळं. गुळगुळीत पण मिळतात, गाडीच्या रंगात रंगवायचे असतील तर ते घ्या, फक्त रंगवायच्या आधी एकदा गाडीला लावून बघा, रंगवलेला पीस सहसा कोणी परत घेत नाही.

पुढचे दोन एकदम सोपे. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की लायनरचे, म्हणजे कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणाचे, स्क्रू हाताला येतात, ते काढायचे आणि त्याच भोकांत किटमधले लांब स्क्रू घालायचे. सगळे आधी सैलच ठेवा, मग फ्लेअर कमानीला दाबून धरा आणि मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे आवळत जा. हातानेच हं, मशीन लावलं की प्लास्टिकचं भोक फाटलंच समजा.

मागे मात्र खरी मजा. मोठ्या एसयूव्हीत बऱ्याचदा मागच्या दाराची कड चाकाच्या कमानीत येते, त्यामुळे तिथला फ्लेअर दोन तुकड्यांत असतो आणि दारावरचा छोटा तुकडा नुसत्या डबल टेपवर. दार उघडताना दोन तुकडे एकमेकांना घासायला नकोत, आणि लांबून बघितलं तर रेष सरळ दिसायला हवी, ह्यातच निम्मा वेळ जातो. आधी मास्किंग टेपने खुणा करून घ्या कारण ही डबल टेप व्हीएचबी, म्हणजे फार घट्ट धरणारी असते, एकदा चिकटली की सरकवता येत नाही. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वॅक्सचा थर राहिला तर टेप सुटणार म्हणजे सुटणार. पूर्ण पकड यायला साधारण 72 तास लागतात, तोवर गाडी धुवायची नाही.

आणि वरच्या कडेची रबराची पट्टी, तिच्याबद्दल माहितीपत्रकात एक ओळ फक्त! ती नसेल तर प्लास्टिक थरथरून रंग खातं, अगदी पत्र्यापर्यंत. मी खाली पारदर्शक फिल्म पण लावली, कारण रबर असलं तरी मध्ये बारीक माती जाऊन बसतेच.

ह्या किटला ड्रिल लागत नाही हा मोठा प्लस. ज्याला लागतं त्यात भोकाच्या उघड्या कडेला लगेच प्रायमर आणि रंग लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू.

पाचपैकी चार. एक कापला तो त्या माहितीपत्रकासाठी, चित्रं इतकी बारीक की डावा उजवा कळत नाही. साध्या टायरवर फक्त लूकसाठी घेणार असाल तर मी म्हणेन राहू द्या, चाक आत गेल्यासारखं दिसतं. आणि धुताना प्रेशरचा पाइप टेपच्या कडेवर जवळून मारू नका.