सारखा पडणारा आरसीसीबी: तोच पुन्हा बसवावा की आरसीबीओ?

वाशी-नेरुळमधली सिडकोची जुनी घरं असोत की नौपाड्यातल्या जुन्या इमारती, पावसाळा लागला की डीबीतला (घरातल्या स्विचांच्या मुख्य बॉक्समधला) आरसीसीबी, म्हणजे वीजगळती (लीकेज) होताच वीज तोडणारा स्विच, पडायला (आपोआप बंद व्हायला) लागतो. लगेच नवा आणायला धावू नका, आधी दोष कुणाचा ते बघा. सगळ्या एमसीबी (एकेका लाइनचे छोटे सुरक्षा-स्विच) पाडून आरसीसीबी चढवा आणि मग एकेक एमसीबी वर करा. गिझरची चढवताच पडला, तर संशय गिझरच्या कॉइलवर. आरसीसीबी आपलं काम चोख करतोय. सगळ्या एमसीबी खाली असतानाही पडला, तरी त्याला लगेच मोडीत काढू नका. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज (वीज आणणारी वायर) तोडते. न्यूट्रल (परतीची वायर) जोडलेलाच राहतो, आणि ओल्या भिंतीत तो अर्थिंगला टेकला असेल तरी आरसीसीबी पडू शकतो. आउटगोइंग वायरी सोडवून ते तपासणं वायरमनचं काम. त्या सोडवूनही टिकत नसेल, तर बदला. आणि वीज चालू असताना टेस्ट बटण दाबूनही जो पडत नाही, तो तर आजच बदला. त्याचा काही त्रास होत नाही, म्हणूनच तो जास्त धोक्याचा.

आता निवड. आरसीसीबी एकच लागतो, खर्च कमी. पण गिझर बिघडला की फ्रिजसकट अख्खं घर बंद. शिवाय तो फक्त लीकेज पकडतो. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटसाठी एमसीबी हवीच. आरसीबीओ म्हणजे आरसीसीबी आणि एमसीबी एकातच. तो लीकेजही सांभाळतो, ओव्हरलोड-शॉर्ट सर्किटही, आणि पडला तर तेवढीच लाइन जाते. मात्र प्रत्येक लाइनला वेगळा घ्यायचा म्हणजे पैसे जास्त, डीबीही बहुधा मोठा लागतो.

खरी मेख न्यूट्रलची. जुन्या वायरिंगमध्ये बाथरूमचा आणि हॉलचा न्यूट्रल कुठल्यातरी जंक्शन बॉक्समध्ये एकत्र पिळलेला असतो. तिथे आरसीबीओ लावला की गिझर ठणठणीत असूनही तो पडणार, आणि दुकानदाराला उगाच शिव्या. म्हणून वायरिंग नवं करत असाल तर गिझर, वॉशिंग मशीन आणि किचनला आरसीबीओ. नाहीतर मुकाट्याने संपूर्ण घराला एक चांगला आरसीसीबी.

दोन्हींत 30 मिलिअँपिअरचाच (एवढ्या लीकेजला पडणारा) घ्या. 100 किंवा 300 चा माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी नसतो. इन्व्हर्टर एसी असेल तर टाइप ए (डीसीसारखं धडधडतं लीकेजही पकडणारा) मागा.

बदलताना मीटर रूममधला मेन स्विच पाडायला लावा. नुसता आरसीसीबी खाली केला तरी त्याच्या इनकमिंग टर्मिनलला वीज असतेच.