पीयूसीनंतरच्या सुट्टीत पायथन की जावास्क्रिप्ट?

सेकंड पीयूसीची, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीची, परीक्षा संपली की खानापूर-निपाणीकडचे पालक मला एकच विचारतात: सीईटीच्या निकालापर्यंत पोराला कॉम्प्युटरची कुठली भाषा शिकवायची? माझं उत्तर पायथन. घरात लॅपटॉप नसेल तर मात्र जावास्क्रिप्ट.

मराठी माध्यमातल्या मुलाला 'किलो' किंवा 'दर' अशी व्हेरिएबलची (किंमत साठवायच्या खणाची) नावं देवनागरीत ठेवता येतात, ती सोय दोन्हीकडे आहे. फरक आकड्यांत पडतो. कुंद्याचं (बेळगावच्या मिठाईचं) बिल करताना मुलानं '१२' देवनागरीत टाइप केलं, तर मजकुराचा आकडा करणारं पायथनचं इंट ते १२ म्हणूनच घेतं. तेच काम करणारं जावास्क्रिप्टचं नंबर म्हणतं, हा आकडाच नाही. शब्दांची लांबी मोजताना मात्र दोघीही आपल्याला चकवतात. 'बेळगाव' आपल्या लेखी चार अक्षरं, त्यांच्या लेखी सहा, कारण मात्रा आणि काना त्या वेगळे धरतात.

दुसरी गोष्ट चुकांची. कीबोर्डवरून आलेलं वय हा मजकूर असतो. त्यात १ मिळवला की जावास्क्रिप्ट १७ चे १७१ करते आणि गप्प बसते. पायथन तिथंच अडते आणि ओळ क्रमांक सांगते. नवशिक्याला हे अडणं फार उपयोगी.

जावास्क्रिप्ट १९९५ साली ब्रेंडन आईकनं दहा दिवसांत उभी केली, तेव्हा असले विक्षिप्तपणे समजून घ्यावेत. पण काहीही इन्स्टॉल न करता ती मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालते, आणि घरच्या दुकानाचं दरपत्रक पडद्यावर दिसलं की पोरगं हरखतं. पायथनही गूगल कोलॅब या वेबसाइटवर ब्राउझरमध्ये चालते, पण नेट सतत हवं. शिवाय ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवर तिचं सगळं अवलंबून. फोनच्या कीबोर्डवर स्पेस मोजत बसणं म्हणजे डोक्याला ताप.

'आधी सी ही भाषा शिकव, पाया पक्का होतो' असं सांगणारे आपल्याकडे पुष्कळ. इंजिनिअरिंगला गेलं की सीशी गाठ बहुधा पडतेच. उन्हाळ्यात सीतल्या पॉइंटरपासून (मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलपासून) सुरुवात केलेली माझी दोन-तीन मुलं तर पंधरवड्यातच गळाली.

पायथन आणि जावास्क्रिप्ट, दोन्ही फुकट आहेत. क्लासची फी भरण्याआधी एका रविवारी पोराला दोन्हींत सतराचा पाढा छापायला बसवा.