ली ना जी रॅकेट वापरायची ती मी घेतली: बाबोलाट प्युअर ड्राइव्हचा रिव्ह्यू

रॅकेट कशी आहे ते आधी सांगते, कारण बरेच जण तेवढंच वाचायला येतात. बाबोलाट प्युअर ड्राइव्ह, १०० स्क्वेअर इंच हेड, गट (म्हणजे रॅकेटच्या तारा) न घालता ३०० ग्रॅम, १६ बाय १९ चं पॅटर्न (उभ्या तारा १६, आडव्या १९), रंग निळा. बॉल जरा बरा लागला की फार जोर न लावता थेट समोरच्या बेसलाइनजवळ जाऊन पडतो, आणि सर्व्हिसला तर पहिल्याच दिवशी फरक कळतो. पॉवरला पाचपैकी पाच, कोपराला पाचपैकी अडीच. आता ह्यापुढे जे लिहितेय त्यात ली ना, चीनची टेनिसपटू, बरीच आहे आणि रॅकेट मधून मधून आहे, चालत नसेल तर इथेच थांबा. पण ह्या रॅकेटचा स्वभाव मला तिच्या मॅचेस बघून जेवढा कळला तेवढा दुकानातल्या माहितीतनं काही कळला नव्हता.

दुकानात निळी बाबोलाट मागितली की हमखास विचारतात, नदालवाली का? नाही हो, नदालची पिवळी, ती प्युअर एरो, स्पिनवाल्यांची. ही निळी म्हणजे अँडी रॉडिक, किम क्लायस्टर्स, ली ना ह्यांच्या घरातली. कंपनी तशी फार जुनी, १८७५ पासून फ्रान्समधल्या लियॉनला गट बनवायची, रॅकेट बनवायला लागली ते थेट १९९४ मध्ये, आणि चारच वर्षांत, १९९८ ला, कार्लोस मोयानं बाबोलाट घेऊन फ्रेंच ओपन मारली तेव्हापासून सगळ्यांच्या बॅगेत ह्या दिसायला लागल्या.

ली ना मूळची वुहानची, जन्म १९८२ चा. वडील बॅडमिंटन खेळायचे म्हणून हिलाही लहानपणी बॅडमिंटनलाच घातलं होतं, मग आठेक वर्षांची असताना टेनिसकडे वळवली. चौदा वर्षांची असताना वडील गेले. आणि चीनमधली तेव्हाची पद्धत म्हणजे खेळाडू सरकारच्या ताब्यात, कोच कोण, स्पर्धा कुठली, डबल्सला जोडीदार कोण, सगळं वरून ठरणार. २००२ च्या शेवटाला ती हे सगळं सोडून सरळ निघून गेली, युनिव्हर्सिटीत जर्नालिझमला ॲडमिशन घेतली! वीस वर्षांची पोरगी, ऐन उमेदीची वर्षं, आणि टेनिस बंद. २००४ मध्ये परत आली आणि त्याच वर्षी ग्वांगझोला डब्ल्यूटीएची (म्हणजे बायकांच्या प्रोफेशनल टूरची) टायटल जिंकली, चीनमधल्या कुणाही खेळाडूची ती पहिलीच सिंगल्स टायटल. दोन वर्षं कोर्टाबाहेर राहून आल्यावर हे, विचार करा.

आता हे सगळं रॅकेटच्या रिव्ह्यूत कशाला, तर तिचा खेळ असाच होता म्हणून. थांबणं, वाट बघणं, रॅली लांबवणं तिच्या रक्तातच नव्हतं. बॉल टप्पा पडून वर येतोय तोवरच घ्यायचा आणि फ्लॅट, नेटच्या अगदी थोडा वरून, कोपऱ्यात. तिचा दोन हातांचा बॅकहँड डाउन द लाइन, म्हणजे कडेच्या रेषेला धरून सरळ मारलेला, बघा, बॉलला गिरकी जवळजवळ नाहीच, सरळ रेषेत जातो आणि समोरची नुसती बघत राहते. प्युअर ड्राइव्ह अशा फटक्याला जी साथ देते ना ती कमाल आहे, फ्रेम कडक असल्यामुळे बॉल रॅकेटवर रेंगाळत नाही, लागला की सुटला. पण हीच गोष्ट उलटते पण. टायमिंग एक इंच मागेपुढे झालं तर तोच बॉल मागच्या जाळीत. ली नाच्या मॅचेसमध्ये पण हेच दिसतं, एक सेट देवासारखा आणि पुढच्या सेटमध्ये अनफोर्स्ड एरर्सचा, म्हणजे स्वतःहून केलेल्या चुकांचा, सडा. तिचे फॅन्स म्हणजे बीपीची गोळी घेऊनच बसत असणार.

माझंही पहिले काही दिवस तेच चाललं होतं, सगळं लांब. आमच्या कोर्टावरचे मार्कर काका (मेंबरांना प्रॅक्टिस देणारे) एक दिवस म्हणाले, "ताई, रॅकेट मारतीये, तुम्ही कशाला मारताय? फक्त समोर न्या." हे ऐकल्यावर बॅकस्विंग निम्मा केला, म्हणजे रॅकेट कमरेच्या मागे न्यायचीच नाही, खांदा वळवायचा आणि हात पुढे, आणि बॉल आत पडायला लागले. ज्यांचा स्विंग मोठा, दे दणादण टाइपचा आहे त्यांनी ही घेण्याआधी डेमो मागून चार गेम खेळा, नाहीतर मनस्ताप आहे.

परत तिच्याकडे येते. २००६ ला विम्बल्डन क्वार्टर फायनल, तिथवर पोचलेली पहिली चिनी. त्याच वर्षी दोहाच्या एशियन गेम्समध्ये झेंग जीला गोल्ड, आपल्या सानियाला सिल्व्हर आणि ली नाला ब्राँझ, हे आपल्याकडे किती जणांच्या लक्षात आहे देव जाणे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला व्हीनस विल्यम्सला हरवून सेमीपर्यंत गेली आणि मेडल हुकलं, चौथी आली. पण माझ्या मते तिच्या करिअरमधली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली मॅच नाहीये, ऑलिंपिकनंतर जे झालं ते आहे. तिला आणि अजून तिघीजणींना सरकारी सिस्टिममधून बाहेर पडून स्वतःचं स्वतः खेळायची परवानगी मिळाली. कोच स्वतः नेमायचा, खर्च स्वतः करायचा, आणि कमाईतले आधी ६५ टक्के जायचे त्याऐवजी ८ ते १२ टक्के द्यायचे. ग्रँड स्लॅम त्याच्यानंतरच आले, आधी नाही. आता कोणी म्हणेल तयारी तर सरकारनेच करून घेतली होती, खरंय, पाया तिथलाच. पण नवऱ्याला, जियांग शानला, कोच करायचं, मग काढायचं, मग हिटिंग पार्टनर म्हणून ठेवायचं, हे ठरवणारी ती स्वतः होती.

२०११ ची ऑस्ट्रेलियन ओपन. सेमीत वोझ्नियाकीला मॅच पॉइंट वाचवून हरवलं आणि कोर्टावरच्या इंटरव्ह्यूमध्ये सांगितलं की नवरा घोरत होता म्हणून रात्रभर झोप नाही लागली, आणि मॅच कशाच्या जोरावर फिरवलीस विचारल्यावर म्हणे, प्राइझ मनी. अख्खं स्टेडियम हसतंय. फायनलला समोर क्लायस्टर्स, पहिला सेट ली नाने घेतला, पुढचे दोन गेले, आणि मध्येच ती चिडून अंपायरकडे गेली की ह्या चिनी प्रेक्षकांना सांगा मला टेनिस शिकवू नका म्हणून. मला ती तेव्हाच आवडली, कारण आपल्याकडे पण कोर्टाच्या कडेला उभं राहून शिकवणारे कमी नाहीयेत.

मग चार महिन्यांनी फ्रेंच ओपन. क्ले कोर्टावर तिच्या नावावर तोवर डब्ल्यूटीएची एकही टायटल नव्हती, फ्लॅट मारणाऱ्यांना ती लाल माती तशी झेपत नाही, बॉल स्लो होतो, वर उडतो. तरी हिने ओळीने क्विटोवा, अझारेंका, शारापोव्हा अशा तिघींना घरी पाठवलं आणि फायनलला आदल्या वर्षीची चॅम्पियन स्कियावोने. ६-४, ७-६. दुसऱ्या सेटचा टायब्रेक मिळाला तर जरूर बघा, ७-० आहे, स्कियावोनेला एक पॉइंट नाही दिला. आशियातल्या देशाकडून खेळून ग्रँड स्लॅम सिंगल्स जिंकणारी पहिली खेळाडू, बाई काय आणि पुरुष काय. चीनमध्ये म्हणे ती फायनल ११ कोटींहून जास्त लोकांनी टीव्हीवर बघितली, म्हणजे जवळजवळ अख्खा महाराष्ट्र टीव्हीसमोर बसल्यासारखं.

आणि लगेच पुढे काय, तर विम्बल्डनला दुसऱ्या राउंडला बाहेर, यूएस ओपनला पहिल्याच. रॅकेट तीच, हात तोच. म्हणून जे लोक म्हणतात ना की हिची रॅकेट घेतली की खेळ सुधारेल त्यांना मी हे सांगते (आधी स्वतःला सांगितलं असतं तर पैसे वाचले असते असं घरच्यांचं म्हणणं आहे, दुर्लक्ष करा).

२०१२ मध्ये तिने कार्लोस रॉड्रिगेझला आणलं, जस्टिन हेनाँचा कोच. त्याने फोरहँडवर टॉपस्पिन वाढवायला लावला, सर्व्हिस बदलली, नेटवर यायला लावलं, तेही तिशीत. आपल्याकडे तिशीत लोक गुडघ्याला तेल चोळायला लागतात. प्युअर ड्राइव्ह वापरणाऱ्यांनी ह्यातनं घ्यायचं ते हे, की रॅकेटची पॉवर फुकट आहे पण ती आत ठेवायला स्पिन लागतो. थोडा ब्रश करून, म्हणजे बॉलला खालून वर घासून, मारला की ही रॅकेट एकदम गुणी होते, १६ बाय १९ चं पॅटर्न त्यासाठी पुरेसं मोकळं आहे. तुम्ही नुसते फ्लॅट मारणारे असाल आणि ली नासारखे डोळे नसतील तर गट जरा टाइट करा, माझं आता ५४ पाउंडला आहे, ५० ला ती तोफच होती.

२०१३ ची मेलबर्नची, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपनची, फायनल आठवली की अजून पोटात गोळा येतो. अझारेंकाविरुद्ध पहिला सेट जिंकलेला, मग घोटा मुरगळला, पट्टी बांधून परत आली, तिसऱ्या सेटमध्ये ऑस्ट्रेलिया डेच्या फटाक्यांसाठी मॅच थांबवली आणि खेळ सुरू झाल्या झाल्या परत पडली, ह्यावेळी डोकं कोर्टावर आपटलं. डॉक्टर बोट फिरवून नजर तपासतोय. तिसरा सेट ३-६ गेला.

आणि मग २०१४, परत मेलबर्न. तिसऱ्या राउंडला सफारोव्हाकडे मॅच पॉइंट होता, सफारोव्हाचा बॅकहँड लाइनच्या बाहेर गेला, अगदी थोडक्यात. तो आत पडला असता तर संपलंच होतं. फायनलला सिबुल्कोव्हाला ७-६, ६-०. आणि बक्षीस घेताना जे भाषण केलं त्यातही रॅकेट आलीच, एजंटला म्हणाली मला श्रीमंत केल्याबद्दल थँक्यू, आणि नवऱ्याला म्हणाली की तू सगळं सोडून माझ्याबरोबर फिरतोस, ड्रिंक्स बनवतोस, रॅकेट बघतोस, चांगला माणूस आहेस, आणि नशीबवान पण आहेस, मी मिळाले तुला! मॅचनंतर हुबेई प्रांताच्या अधिकाऱ्यांनी ८ लाख युआनचं बक्षीस दिलं तेव्हाचा फोटो शोधून बघा, हातात मोठ्ठा चेक आणि तोंडावर एवढंसं हसू नाही. फेब्रुवारीत रँकिंग जगात दोन नंबर, आणि सप्टेंबरमध्ये गुडघ्यांमुळे रिटायर. चार ऑपरेशन्स, तीन उजव्यावर आणि एक डाव्यावर. त्याच महिन्यात तिच्या गावात, वुहानला, मोठी डब्ल्यूटीए स्पर्धा सुरू झाली आणि ही खेळायला नाही.

झेंग चिनवेन आता तिच्याच प्रांतातली, हुबेईची. २०२४ ला ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल खेळली, साबालेंकाकडून हरली, पण त्याच वर्षी रोलाँ गारोसच्या, म्हणजे फ्रेंच ओपनच्याच, मातीवर ऑलिंपिक गोल्ड घेतलं, सेमीत श्वियाँटेकला हरवून. तिची सर्व्हिस ली नापेक्षा भारी आहे हे कबूल. तो बॅकहँड मात्र नाही.

आता कोपराचं सांगते कारण तो अडीच मार्कांचा विषय राहिलाय. फ्रेम कडक आहे, त्यात दुकानवाल्याने पॉलिएस्टर गट घातला तर प्रत्येक ऑफ-सेंटर फटका दंडापर्यंत जाणवतो. मी मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांचं मऊ गट) घातलंय, महाग पडतं, लवकर तुटतं, पण हात शाबूत आहे. टेनिस एल्बो आधी झालेला असेल तर ही रॅकेट सरळ सोडून द्या. नवीन शिकणाऱ्या बारक्या पोरांना पण नको, हीच लाइट मॉडेलमध्ये मिळते ती बघा. आणि दुकानात "प्रो लोक हीच वापरतात" म्हणतील, त्यावर जाऊ नका, प्रो लोक फ्रेमला शिशाच्या पट्ट्या लावून, वजन-बॅलन्स हवा तसा करून घेतात, रंग तेवढा आपल्यासारखा.

किंमत आपल्याकडे बरीच जास्त आहे. दर दोन-तीन वर्षांनी नवं मॉडेल काढतात आणि फरक रंगात जास्त असतो, त्यामुळे नवीन आलं की जुनं मॉडेल सवलतीत मिळतं, तेव्हा घ्या. सेकंडहँड घेत असाल तर हेडच्या वरच्या कडेला, जिथे कोर्टावर घासते तिथे, बोटाने चाचपून तडा बघा आणि ग्रोमेट्स (तारांच्या भोकांतल्या प्लॅस्टिकच्या नळ्या) बदलायला झालेत का ते बघा. ग्रिप साइज दोन की तीन ते हातात धरूनच ठरवा, ऑनलाइन अंदाजाने मागवू नका.