चावीचा टायमर: तीन महिने वापरून झाल्यावर

बॅटरी नाही, ॲप नाही, डायल फिरवली की टिकटिक सुरू आणि वेळ संपली की घंटा, इतकाच हा टायमर. मला नेमकं हेच हवं होतं, कारण आधी मोबाईलवर टायमर लावायचे, तर त्यासाठी फोन हातात घेतला की दोन नोटिफिकेशन दिसायची, एक बघितलं, दुसऱ्याला रिप्लाय दिला आणि पंधरा मिनिटांनी लक्षात यायचं की टायमर लावायचाच राहिला.

माझं काम प्रूफं तपासायचं. ओळीखाली पट्टी ठेवून वाचत असते, मधेच मेसेज बघितला की पट्टी तिथंच असते पण मन नसतं, तोच शब्द मागच्या पानावर ऱ्हस्व ठेवला होता की दीर्घ हे पार पुसलं जातं, मग पुन्हा मागे जा, शोधा. मल्टिटास्किंग म्हणतो आपण, पण अशा डोकं लागणाऱ्या कामात दोन गोष्टी एकत्र होतच नाहीत, मन नुसतं इकडून तिकडे उड्या मारतं आणि थोडं आधीच्या कामातच अडकून राहतं. सोफी लेरॉय यांनी २००९ च्या शोधनिबंधात याला अटेन्शन रेसिड्यू म्हटलंय, म्हणजे मागे रेंगाळलेलं लक्ष. मला तर हे रोज पानावर दिसायचं, सुटलेल्या चुकांमध्ये.

आता २५ मिनिटं लावते, मग ५ मिनिटं उठते, असं चारदा झालं की मोठी सुट्टी. ही पोमोदोरो पद्धत, फ्रान्सेस्को सिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी शिकत असताना टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर सुरू केलेली, इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणजे टोमॅटोच. शेजारी एक कोरा कागद ठेवते, मधेच काही आठवलं, बिल भरायचंय, कुणाला फोन करायचाय, की तिथं दोन शब्द खरडायचे आणि परत ओळीवर. घंटा वाजल्यावर कागद बघितला तर निम्म्या गोष्टी लगेच करायच्या नसतातच, खरंच! आणि दिवस संपल्यावर ते डोकं भणभणायचं ना, ते खूपच कमी झालंय.

तक्रारी पण आहेत. दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ लावायची तर डायल आधी पुढे नेऊन मग मागे आणावी लागते, नाहीतर शेवटी घंटा धड वाजत नाही, हे सोबतच्या सूचनांच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मिनिटभर इकडेतिकडे होतं, त्याने माझं काही अडत नाही. टिकटिक मात्र मोठी आहे, मला चालते, उलट ती ऐकू येतेय तोवर हात फोनकडे जात नाही, पण घरात कोणी झोपलं असेल तर त्रास होईल, मी रात्री खाली जाड रुमालाची घडी ठेवते. ज्यांना कामात सारखे फोन घ्यावेच लागतात त्यांनी घेऊ नका, उपयोग नाही. लिहिणं, हिशोब, अभ्यास असं बसून करायचं काम असेल तर जरूर घ्या, फक्त फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पहिल्या आठवड्यात मी तो टेबलावरच पालथा ठेवायचे आणि दर दोन मिनिटांनी उलटा करून बघायचे.

पाचपैकी चार स्टार, एक टिकटिकीचा कापला.