पहिल्या शोच्या फ्रेमा कुठं केल्या : मामांच्या दुकानाचा रिव्ह्यू, सोबत सर्टिफिकेटवाल्यांचाही

आधीच सांगतो, दुकानाचं नाव टाकणार नाही. फ्रेमवाल्या मामांनीच बजावलंय, "नाव बिव टाकू नको गं बाई, आहेत त्या ऑर्डरी उरकंनात." तरी लिहितोय कारण गेल्या आठवड्यात कॉलेजच्या तीन ज्युनिअर पोरांनी एकच विचारलं, ताई पहिलं प्रदर्शन लावायचंय, फ्रेमा कुठं केल्या, किती गेले, आणि ते ऑनलाइन इंटरनॅशनल प्रदर्शनाची लिंक आलीय ती भरू का? मी दोन्हीकडं पैसे घातलेत, त्यामुळं एकदाच इस्कटून सांगतो. (मी पोरगीच आहे. कोल्हापुरात आम्ही 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतो, पुण्याच्या मंडळींनी व्याकरण तपासायला बसू नये.)

दुकान मंगळवार पेठेत, बोळात. पाटी आहे पण तिच्यावर आता फक्त 'फ्रेम' एवढंच वाचता येतंय. आत शिरलं की फेविकॉल आणि लाकडाच्या भुशाचा वास, भिंतीला टेकवून अंबाबाई, जोतिबा, गदा घेतलेले दोन-तीन पैलवान आणि कुणाकुणाचे वारलेले आजोबा. मामांचं पोट ह्या आजोबांवर चालतंय, आपल्या वॉटरकलरवर नाही, हे डोक्यात ठेवूनच जायचं. तुमचं काम आजोबांच्या नंतर होणार, कारण तेराव्याची तारीख पुढं ढकलता येत नाही, तुमचं उद्घाटन ढकलता येतंय. हे मामांचंच लॉजिक आणि ते चुकीचं आहे असं मला म्हणता येईना.

मी नेली होती आठ चित्रं, सगळी स्पॉटवरची, म्हणजे जागेवर बसून काढलेली. चार पंचगंगा घाट, तीन रंकाळा, एक शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतलं. नेताना शहाणपणा करून गुंडाळी करून नळीत घालून नेली. मामांनी एक बाहेर काढलं, टेबलावर सोडलं, ते परत गुरगुटून गोल झालं. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पापड हाय का चित्र?" मग आठही चित्रं दोन प्लायच्या मधी घालून वर विटा ठेवल्या आणि आठ दिवसांनी ये म्हणाले. चार वर्षं जी.डी. आर्ट हा चित्रकलेचा डिप्लोमा केला, कॉम्पोझिशन शिकलो, परस्पेक्टिव्ह शिकलो, पण चित्र सपाट न्यायचं असतंय हे एका फ्रेमवाल्यानं शिकवलं.

आठ दिवसांनी पट्टी निवडायची वेळ. मला सोनेरी, नक्षीची, रुंद पट्टी पाहिजे होती, प्रदर्शन म्हणजे जरा रुबाब पाहिजे की. मामांनी तिचा कोपरा घाटाच्या चित्रावर ठेवला आणि काही न बोलता मला मागं जाऊन बघायला लावलं. चार पावलं मागं गेलो तर चित्र दिसंना, पट्टीच दिसायली. "घाट हाय का मंगल कार्यालय?" मग एक इंचाची काळपट तपकिरी सागवानी पट्टी ठेवली आणि पाण्यातला निळा एकदम पुढं आला. सिंथेटिक पट्टी जवळजवळ निम्म्यात येते आणि लांबून फरक कळत नाही, बजेट नसेल तर तीच घ्या, मामा तोंड वाकडं करतात पण करून देतात.

माउंटवर, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीवर, तर त्यांनी माझा तासच घेतला. तीन बाजूला अडीच इंच आणि खाली तीन. मला वाटलं माप चुकलं. तर म्हणे चारी बाजू सारख्या ठेवल्या की चित्र खाली घसरल्यासारखं दिसतंय, खाली जरा जास्त सोडलं की बसल्यासारखं वाटतंय. आणि माउंट फक्त दिसायला नसतोय, काच आणि कागद एकमेकाला चिकटू नयेत म्हणून मधी फट ठेवायला असतोय. आपल्याकडचा पावसाळा माहितीय, जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. त्यांनी एक जुनी प्रिंट दाखवली, माउंट न घालता थेट काचेखाली घातलेली, तिचा अर्धा चेहरा काचेला चिकटून बसलेला. काढायला गेलं तर नाक निघून येणार. ते बघितल्यावर मी माउंटच्या पैशावर घासाघीस केली नाही. माउंटबोर्ड साधा घेतला तर दोन-तीन वर्षांत कापलेली कड पिवळी पडते, अॅसिड-फ्री घेतला तर पडत नाही पण महाग. मी विकायच्या चार चित्रांना महागाचा घातला आणि बाकीच्यांना साधा.

माझ्या मैत्रिणीनं तिची चित्रं मागनं सेलोटेपनं चिकटवून आणलेली. मामांनी टेप सोलताना जे शब्द वापरले ते इथं लिहिता येत नाहीत. टेपचा चिकट डाग काही वर्षांनी कागदातनं पुढं येतो, म्हणून चित्र वरच्या कडेला दोनच ठिकाणी कागदी गमटेपनं लटकवायचं, बाकी मोकळं, कागदाला हवेप्रमाणं फुगायला-आकसायला जागा पाहिजे. मागं हार्डबोर्ड आणि कडेनं खाकी कागदाच्या पट्ट्या, त्या खळीनं लावलेल्या, आणि खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही.

शेवटी लेबल. चित्राच्या मागं पेन्सिलीनं एक आणि हार्डबोर्डवर दुसरं : नाव, शीर्षक, माध्यम, साइज, वर्ष, किंमत, फोन. मी म्हटलं दोन कशाला? "फ्रेम बदलत्यात पोरी. नाव चित्राबरोबर ऱ्हायला पाहिजे." मग कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान, त्यांच्यावर गाडी गेली. शाहू महाराज १९२२ साली गेले तेव्हा आबालालांनी दुःखानं आपली चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, ही गोष्ट कोल्हापुरात चित्र काढणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेली असते. मामा दर गिऱ्हाईकाला सांगतात आणि शेवटी स्वतःच हसत म्हणतात, "सागवानी फ्रेम असती तर तरंगली असती."

आता वाईट. आठ दिवसांत देतो म्हटलेल्या फ्रेमा तेराव्या दिवशी मिळाल्या, उद्घाटनाच्या आदल्या रात्री दहाला, तेही मी तिथं स्टूल टाकून बसलो म्हणून. एका फ्रेमेच्या कोपऱ्यात केसाएवढी फट होती, ती भुसा आणि फेविकॉल भरून बुजवली, जवळनं बघितलं तर कळते. बिल कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून दिलं, त्यावर तारीख नाही, बेरीज पण मीच केली. आठ फ्रेमांचे सात हजार दोनशे झाले. गूगल पे चालतं पण पोरगा दुकानात असेल तरच.

आता दुसरं दुकान, म्हणजे ते ऑनलाइनवाले. इन्स्टावर मेसेज आला, तुमचं काम आमच्या टीमला फार आवडलं, आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी तुमची निवड झालीय, सहभाग शुल्क अडीच हजार. मी थर्ड इयरला होतो, छाती फुगली, घरी सांगितलं, बाबांनी पैसे दिले. रात्री ९ वाजून १० मिनिटांनी पैसे भरले आणि ९ वाजून २० मिनिटांनी सर्टिफिकेट आलं, एक्सलन्स अवॉर्ड. दहा मिनिटांत कुठल्या ज्युरीनं बघितलं? प्रदर्शन म्हणजे एक वेबपेज, त्यात माझं आडवं चित्र उभ्या चौकटीत कोंबलेलं, रंकाळा चेपून विहीर झालेला, आणि आडनाव चुकीचं. दुरुस्त करा म्हटलं तर परत पाचशे मागितले. ते सर्टिफिकेट आईनं हौसेनं फ्रेम करायला मामांकडंच दिलं होतं. मामांनी वाचलं, उलटं केलं, परत सुलटं केलं, आणि विचारलं, "चित्र कुठं टांगलं होतं त्यांनी?" आईकडं उत्तर नव्हतं.

एंट्री फी घेतली म्हणजे फसवणूकच असं नाही हां, नीट वाचा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ ची, असल्या जुन्या संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनालाही फॉर्म भरावा लागतो. राज्य कला प्रदर्शन कला संचालनालय भरवतं, त्यात विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा असतो, आपली स्पर्धा मुरलेल्या चित्रकारांशी नसते. फरक एवढाच की तिथं निवड समिती बसते आणि निम्म्याहून जास्त पोरं घरी परत येतात. मी राज्यला दोनदा गळालो. वाईट वाटलं, पण दुसऱ्या वेळी सरांबरोबर बसून निवडलेली कामं बघितली आणि आपण सगळेच घाट काढतोय, तोच अँगल, तीच नाव, तीच दीपमाळ, हे तिथं कळलं. कोल्हापूरच्या वॉटरकलरवाल्यांना हे लागेल, पण आहे ते आहे.

मुंबईला चित्र पाठवणार असाल तर काच घालू नका, अॅक्रिलिक शीट घाला. मामा तर विचारतातच, "महालक्ष्मी एक्स्प्रेसनं न्यायचंय का?" रात्रभर रेल्वेत हलत काच टिकत नाही, आणि फुटली तर तुकडे चित्रच फाडतात. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीचं स्वप्न सगळ्यांनाच असतं, १९५२ पासून गॅलरी चालू आहे आणि स्वतःच्या शोची तारीख मिळायला वर्षं जातात, त्यामुळं अर्ज टाकून ठेवा आणि तोवर इथं लावा.

आम्ही चौघांनी दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात तीन दिवस लावलं. जागा मोक्याची, येता-जाता माणूस आत डोकावतो. एक काका प्रत्येक चित्राला नाक लावून बघत होते आणि शेवटी विचारलं, हे हातानं काढलंय? आमच्यातली अप्लाइडची, म्हणजे जाहिरात-डिझाइन शिकलेली मैत्रीण, तिनं कोल्हापुरी चपलेच्या पॅकेजिंगचा प्रोजेक्ट लावलेला. चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ मध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल दाखवली आणि गाव पेटलं, त्यामुळं तिच्या बोर्डापुढं पेंटिंगपेक्षा जास्त गर्दी. एक चप्पल व्यापारी उभ्या उभ्या तिचा नंबर घेऊन गेले आणि आता ती त्यांचे बॉक्स, टॅग सगळं करते.

माझी तीन चित्रं गेली. त्यातली दोन प्रदर्शनात नाही, मामांच्या दुकानात गेली! फ्रेमा उशिरा झाल्या म्हणून मी शिव्या घालत होतो, तर त्याच दिवसांत एक इंटिरियर करणाऱ्या मॅडम कुणाच्या तरी आजोबांचा फोटो न्यायला आल्या आणि विटांशेजारी टेकवलेला घाट बघून थांबल्या. मामांनी हार्डबोर्डवरचं लेबल दाखवलं. राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या वेटिंगमध्ये ती दोन्ही लागली. मामांनी कमिशन घेतलं नाही, खाजगी गॅलरी असती तर तिसरा हिस्सा ते निम्मे त्यांचे. मी पेढे नेले तर म्हणाले, पेढे नको, पुढची ऑर्डर आण.

आणि खरं सांगायचं तर शोमधनं चित्रांपेक्षा क्लास जास्त मिळाले. वहीत अभिप्राय लिहायला आलेल्या आयांनी विचारलं, इंटरमिजिएटचं घेता का? चित्रकलेच्या ह्या सरकारी परीक्षेत ए ग्रेड आली की दहावीला ७ मार्क वाढतात, बी ला ५, सी ला ३, त्यामुळं आया सिरियस असतात. सहा पोरं आली, आता अकरा आहेत. आमच्यातला चौथा स्कल्प्चरचा, तो एका पुतळ्याच्या स्टुडिओत मातीकाम करतोय, आणि मधनं मधनं चित्रनगरीत सेटची कामं. कुणी एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा करून शाळेच्या जागेची वाट बघतंय. नोकरी म्हणावी अशी चौघांपैकी एकालाही नाही, पण घरी पैसे मागत कुणी नाही. जानेवारीत टाऊन हॉलच्या बागेत रंगबहार ह्या संस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरते, तिथं जाऊन नुसतं उभं राहा, मोठी माणसं समोर बसून रंगवत असतात, ओळखी होतात, फी काही नाही.

तर मामांना पाचपैकी चार. एक स्टार त्या रात्री दहाचा कापला. सर्टिफिकेटवाल्यांना शून्य द्यायची सोय नसते म्हणून एक. पत्ता पाहिजे असेल तर मेसेज करा, सोमवारी बंद असतंय, आणि लग्नसराईत जाऊ नका, तेव्हा सगळ्या टेबलावर नवरा-नवरीचे फोटो पसरलेले असतात. चित्र सपाट न्या. आणि आईचं ते सर्टिफिकेट अजून तिथंच आहे, मामा म्हणाले फ्रेम करत नाही, पण हार्डबोर्डच्या पाठीला घालायला कागद चांगला जाड आहे.