फेरेटांचं खेळघर: अनोळखी घरच्या फेरेटांशी ओळख करून द्यावी तर अशी

फेरेटांना, म्हणजे मुंगसासारख्या लांबट अंगाच्या या पाळीव प्राण्यांना, एकत्र खेळायला सोडणारी जागा चांगली की वाईट, हे मी आत शिरायच्या आधीच ठरवते. दार उघडण्यापूर्वी ते लोक काय विचारतात त्यावरून. या खेळघराने फोनवरच इतकी चौकशी केली की माझा जीव भांड्यात पडला. डिस्टेंपरची लस कधी टोचली, रेबीजची कधी, माझ्या दोन्ही फेरेटांची नसबंदी झाली आहे का, कान सारखे खाजवतात का, पिसवा आहेत का, कोणाला जुलाब झालेत का. आणि मग, ‘ताई, घरात कोणाला सर्दी-ताप नाही ना?’

हा प्रश्न विचारणाऱ्याला फेरेट कळतो. माणसाचा फ्लू फेरेटला होतो आणि फेरेटकडून माणसालाही होऊ शकतो, त्यामुळे शिंकणाऱ्या मालकाने त्या दिवशी घरीच बसायला हवं. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा आजार म्हणून पुष्कळजण सोडून देतात. पण फेरेटला तो झाला की वाचण्याची आशा जवळजवळ नसतेच. लसीच्या नोंदी दाखवल्याशिवाय इथे कोणालाही आत घेत नाहीत, आणि नर वयात आलेला असून नसबंदी झालेली नसेल तर सरळ नकार मिळतो. माजावर असलेला नर दुसऱ्या नराला फाडून काढायला कमी करत नाही. याशिवाय विषाणूमुळे होणाऱ्या अल्यूशियन आजाराच्या रक्ततपासणीचा अहवालही मागतात. या विषाणूवर लस नाही, आणि वरवर ठणठणीत दिसणारा फेरेटही तो पसरवू शकतो. आम्हाला ही तपासणी मुद्दाम करून घ्यावी लागली, खर्च झाला, पण मला तो अजिबात खुपला नाही.

माझ्याकडे दोघं आहेत. चिंगी दोन वर्षांची, भयंकर धीट. गोट्या पाच वर्षांच्या पुढचा, शांत आणि थोडा भिडस्त. दुसऱ्या घरचेही दोघंच होते: एक थोराड नर आणि कपाळापासून मानेपर्यंत पांढरा पट्टा असलेली मादी.

भेटीच्या आधी काही दिवस आमच्याकडून या दोघांच्या झोळीतलं न धुतलेलं फडकं मागवून घेतलं आणि त्या घरचं आम्हाला दिलं. फेरेटची नजर बेताचीच, त्याची ओळख नाकातून होते. चिंगीने ते फडकं फरफटत कपाटाखाली नेऊन तिच्या खजिन्यात टाकलं. गोट्या मात्र बराच वेळ हुंगत राहिला, मग त्यावर पोट घासून स्वतःचा वास लावून मोकळा झाला. दोघांना एकत्र आंघोळ घालून वास ‘एकसारखा’ करण्याची युक्ती बरेचजण सांगतात. मला ती पटत नाही. सारख्या आंघोळीने कातडी कोरडी पडते, मग अंगातून तेल जास्त सुटतं आणि वास उलट वाढतो. इथे ते करत नाहीत, हे बरं आहे.

खोली कोणाच्याच मालकीची नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. प्रत्येक गटानंतर फरशी पुसतात, अंथरूण बदलतात. कापडी बोगद्यांना दोन्हीकडून तोंडं आहेत, काहींना मध्येही भोक आहे. हे मी मुद्दाम वाकून तपासलं, कारण एका बाजूने बंद असलेल्या बोगद्यात बुजरा फेरेट अडकला की तिथे हमखास जुंपते. चारही कोपऱ्यांत शी-शूसाठी लिटरचे ट्रे आहेत, कारण फेरेट मागे सरकत सरकत कोपराच गाठतो. फोम, रबर, सिलिकॉन असलं कुरतडून गिळता येईल असं एकही खेळणं मला दिसलं नाही. आतड्यात रबराचा तुकडा अडकून शस्त्रक्रिया करावी लागलेले फेरेट ज्यांनी पाहिलेत, त्यांना याचं मोल कळेल. भिंतीवर तापमापक आहे आणि खोली चांगली गार असते. २७ अंशांच्या वर पारा गेला की फेरेटला उष्माघाताचा धोका सुरू होतो, त्यांना घाम गाळून अंग थंड करता येत नाही.

चौघांना एकदम सोडत नाहीत. आधी दोन्ही घरचा एकेक, आणि तोही धीट असलेला. म्हणजे आमची चिंगी आणि त्यांचा थोराड नर. सोडण्यापूर्वी दोघांच्या मानेवर नि खांद्यावर सामन माशाच्या तेलाचा हात फिरवला. तोंड लागलं की चावण्याआधी चाटायचा मोह व्हावा, एवढ्यासाठी.

एकमेकांची शेपटीकडची बाजू हुंगून झाली आणि क्षणात त्या नराने चिंगीची मान पकडली. पकडून तिला हलवलं, आडवं पाडलं आणि फरशीवरून बोगद्याकडे ओढत नेऊ लागला. चिंगीचं वजन त्याच्या निम्मं. माझा हात आपसूक पुढे गेला. तिथला मुलगा त्यांच्या शेजारी उकिडवा बसला होता, तळहात जमिनीपासून वीतभर वर धरून, पण कोणालाही न शिवता. ‘ताई, थांबा. ती ओरडत नाहीये, बघा. अंग सैल सोडलंय तिने.’ खरोखरच चिंगीचे पाय ढिले होते. त्याने मान सोडली, ती उठली, अंग झाडलं, आणि पळून जायचं सोडून त्याच्याच अंगावर गेली. पाठीची कमान, तोंड उघडं, चारही पायांवर आडव्या-तिडव्या उड्या, आणि फेरेट खेळताना खुशीत काढतात तो ‘डुक डुक डुक’ आवाज सुरू. मग तिने त्याची मान धरली.

त्या मुलाने हळू आवाजात सगळं समजावलं, आणि इतकं नेमकं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. फेरेटच्या मानेची कातडी जाड असते, त्यामुळे मान धरणं, ओढणं, लोळवणं हे सगळं वरचढ कोण ते ठरवण्यात आणि खेळण्यात चालतं. शेपटी बाटली धुण्याच्या ब्रशसारखी फुलली तरी नुसत्या त्यावरून घाबरायचं नाही, आनंदातही ती फुलते. पाहायचं ते इतकंच: पाळी बदलतेय का, सोडल्यावर खालचा परत येतोय का. सलग किंचाळणं, दात रुतवून न सोडणं, भीतीने जागेवर शी होणं, एकाने कोपऱ्यात दबून फिस्कारत राहणं, यातलं काही दिसलं की क्षणभरही न थांबता वेगळं करायचं. इथे टॉवेल हाताशी असतो, उघडा हात मध्ये घालत नाहीत.

पांढऱ्या पट्ट्याच्या मादीबद्दलही त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. असा पट्टा किंवा पांढरं डोकं असलेले फेरेट बरेचदा जन्मतः बहिरे असतात. ही बहिरीच होती. समोरच्याचं ‘चीं’ ऐकू येत नाही, मग आपला चावा जोरात लागतोय हे तिला कळणार कसं? गोट्याला तिच्यासमोर सोडलं तेव्हा दुसरी एक मुलगी तिच्या मागेच होती. चावा लांबला की ती फरशीवर हात आपटायची. कंपन जाणवून मादी थबकायची आणि गोट्याला निसटायला वेळ मिळायचा. गोट्या दोनदा निसटला आणि तिसऱ्यांदा स्वतःहून तिच्याकडे गेला. मला त्या क्षणी फार समाधान वाटलं.

आता खटकलेल्या गोष्टी. पहिली, वेळ. दोन तासांचं सत्र फेरेटसाठी लांबतं. दिवसाचे १४ ते १८ तास झोपणारा प्राणी जोमाने खेळतो, मग गळून पडतो, आणि झोप आलेला फेरेट चिडका होतो. झोपायला खोलीत एकच मोठी झोळी ठेवली आहे. ओळख झाली म्हणून पहिल्याच दिवशी एका झोळीत झोपण्याइतकं सख्य होत नाही. आमची त्या दिवसाची एकमेव खरी कुरबूर तिथेच झाली. प्रत्येक घराला वेगळी झोळी द्या आणि सत्र तासाभराचं करा. खाणं मात्र वेगवेगळ्या वाट्यांत देतात, तेही सत्राच्या मध्यावर. तीन-चार तासांत पोट रिकामं होणाऱ्या जनावराला ते लागतंच.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. सध्याच्या जुलाबांबद्दल विचारतात, पण पूर्वी कधी हिरवे, बुळबुळीत जुलाब झाले होते का, हे विचारत नाहीत. फेरेटांच्या आतड्याचा कोरोनाविषाणू लहान पिल्लांना फारसा जाणवत नाही, वयस्क फेरेटला मात्र दोन-तीन दिवसांत आडवा करतो. बरा झालेला प्राणीही अनेक महिने तो शीवाटे टाकत राहू शकतो. पाच वर्षांवरच्या फेरेटचा गट वेगळा असायलाच हवा. मी त्या दिवशी समोरच्या कुटुंबाला स्वतः विचारून खात्री केली, त्यांच्याकडे नवं पिल्लूही आलेलं नव्हतं, म्हणूनच गोट्याला खाली सोडलं. हे काम खेळघराचं आहे.

एकच तरुण, धडधाकट फेरेट असेल आणि त्याला सवंगडी हवा असेल, तर डोळे मिटून जा. वयस्क किंवा आजारातून उठलेला असेल तर तूर्त नको. बुकिंग करताना ‘सकाळचा पहिला गट’ मागा, तेव्हा फरशी रात्रभर कोरडी झालेली असते आणि सांभाळणारी दोन्ही मुलं हजर असतात. जुलाबांच्या जुन्या नोंदीचा आणि वयाचा रकाना अर्जात घालायचं त्यांनी कबूल केलं आहे. तो आला की गोट्याला पुन्हा नेईन, तोवर चिंगी एकटीच जाईल.